किकॅड ९ : पहिला ट्रॅक काढायच्या आधीच्या दोन दिवसांचा रिव्ह्यू

किकॅड म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा छापील बोर्ड (पीसीबी) कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. त्याचे रिव्ह्यू भरपूर आहेत पण बहुतेक जण थेट ट्रॅक, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा, काढताना दाखवतात, राउटिंग (त्या रेघा जोडत नेणं) किती भारी, थ्रीडीत बोर्ड कसा दिसतो वगैरे. मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं, म्हणजे सॉफ्टवेअर डाउनलोड केल्यापासून पहिला ट्रॅक काढेपर्यंत काय काय करून घ्यावं लागतं, कुठे अडकायला होतं आणि त्यातून मिळतं काय. मी पूर्ण शनिवार-रविवार फक्त सेटिंगला दिला, बोर्डवर एकही ट्रॅक काढला नाही, आणि माझ्या बाबतीत तर त्या सेटिंगमुळेच चुकीचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) बोर्डवर बसायच्या आधी पकडला गेला. ते पुढे सविस्तर सांगते कारण तोच ह्या सगळ्यातला महत्त्वाचा भाग आहे.

आधी थोडं काम काय होतं ते. मी सांगलीत इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्तीचं काम करते, सोल्डरिंग आयर्न रोज हातात असतं पण स्वतः बोर्ड डिझाइन करायची वेळ कॉलेजनंतर फारशी आली नव्हती. आमच्या बिल्डिंगला खाली संप (जमिनीतली टाकी) आणि गच्चीवर टाकी, मोटर वेळेवर चालू-बंद करायची म्हणून दीड वर्षापूर्वी मी झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या तयार बोर्डवर हाताने वायरी लावून, एक कंट्रोलर जोडून दिला होता. फ्लोट स्विच (पाण्याची पातळी सांगणारे) तीन, एक ईएसपी३२ चा (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपचा) डेव्हलपमेंट बोर्ड, एक रिले, आणि तो रिले मोटरच्या स्टार्टरमधल्या काँटॅक्टरची (मोठ्या करंटच्या रिलेची) कॉइल चालवतो. (मोटर थेट ह्या छोट्या रिलेवर कधीच घेऊ नका, सुरू होतानाचा करंट इतका असतो की रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग मोटर बंदच होत नाही.) चाललं व्यवस्थित, पण पावसाळ्यात खालच्या वायरी गंजायला लागल्या, एक-दोन जॉइंट सुटले, आणि वॉचमन काकांना रात्री अकराला हाताने मोटर बंद करावी लागली तेव्हा ठरवलं की आता नीट छापील बोर्डच करायचा.

कॉलेजात आम्ही ईगल हे अशाच कामाचं सॉफ्टवेअर शिकलो होतो. त्याच्या फुकट व्हर्जनला ८० चौरस सेंटिमीटरची मर्यादा होती आणि दोनच लेयर, म्हणजे तांब्याचे थर. २०१६ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ते घेतलं आणि नंतर ७ जून २०२६ ही ईगलची शेवटची तारीख म्हणून जाहीरही केली, त्यामुळे तिकडे परत जाण्यात अर्थ नव्हता. ब्राउझरमध्ये चालणारी सॉफ्टवेअर पण बघितली, इझीईडीए वगैरे, सुरुवात अगदी पटकन होते, पार्ट शोधला की सिम्बॉल (सर्किटमधलं चिन्ह), फूटप्रिंट (बोर्डवर पाय सोल्डर करायच्या पॅडची मांडणी) सगळं तयार मिळतं. पण माझ्या दुकानात नेट कधी असतं कधी नसतं, आणि मला फाइल माझ्या पेनड्राइव्हवर हवी होती. किकॅड १९९२ मध्ये फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारास ह्यांनी सुरू केलं, २०१३ पासून सर्न, म्हणजे जिनिव्हाची कणभौतिकीची प्रयोगशाळा, त्यांनी त्यात माणसं आणि पैसा घातला. जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे, बोर्डच्या मापाची मर्यादा नाही, तांब्याचे लेयर ३२ पर्यंत, आणि हे सगळं खरंच फुकट आहे, महिन्याभराने पैसे मागणारं नाही. जुन्या ईगलच्या फाइलीही त्यात इम्पोर्ट होतात, माझी कॉलेजची एक फाइल मी उघडून बघितली, आली.

डाउनलोड करताना पहिली सावधगिरी. फक्त किकॅड डॉट ऑर्ग वरूनच घ्या. जुन्या व्हिडिओंच्या आणि लेखांच्या खाली जो पीसीबी असं नाव जोडलेला जुना पत्ता असतो तो २०२१ पासून किकॅडवाल्यांच्या ताब्यात नाही, दुसऱ्याच कुणाकडे गेलाय, त्यामुळे त्या लिंकवर क्लिक करू नका. विंडोजचा इन्स्टॉलर एक जीबीच्या वर आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करायचं तर रात्री लावून झोपा. एवढा मोठा का तर त्यात सगळ्या लायब्ररी (सिम्बॉल-फूटप्रिंटचे संच) आणि पार्टचे थ्रीडी मॉडेल सोबतच येतात, आणि ते एकदा आले की नेट नसलं तरी काही अडत नाही, म्हणून मला तरी हा मोठा आकार चालतो.

व्हर्जनचं मात्र आधी ठरवून घ्या, विशेषतः दोघंजण मिळून काम करणार असाल तर. माझा भाचा पुण्यात डिप्लोमा करतो, ह्या बोर्डात त्याला पण हात घालायचा होता. मी विंडोजवर ९ बसवलं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेलं. त्याच्याकडे उबंटू २२.०४, त्याने नेहमीसारखी टर्मिनलमधून कमांड दिली आणि उबंटूच्या स्वतःच्या भांडारातून आलं ते व्हर्जन ६. मी पाठवलेली फाइल उघडेचना. फोन आला, "आत्या, ही फाइल नवीन व्हर्जनची आहे म्हणतंय, तू जुन्यात सेव्ह करून दे ना." तर तसं सेव्ह करून देताच येत नाही. जुनी फाइल नव्यात उघडते, नवी फाइल जुन्यात नाही, आणि एकदा नव्यात सेव्ह केली की परतीचा रस्ता बंद. मग त्याने किकॅडवाल्यांची स्वतःची पीपीए (उबंटूसाठीचं त्यांचं वेगळं भांडार) जोडली आणि ९ घेतलं. तिथे अजून एक, लिनक्सवर थ्रीडी मॉडेलचं पॅकेज वेगळं असतं, ते राहिलं तर बोर्ड दिसतो पण पार्ट गायब, नुसते पॅड. विंडोजवर चांगली गोष्ट अशी की ८ आणि ९ शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे जुना प्रोजेक्ट जुन्यातच ठेवून नवा नव्यात करता येतो.

पहिल्यांदा उघडल्यावर स्किमॅटिक एडिटर, म्हणजे सर्किटचा नकाशा काढायची खिडकी, विचारतो की लायब्ररीची यादी कुठली घेऊ, तिथे डिफॉल्ट कॉपी करा ह्याच पर्यायावर ठेवा. रिकामी यादी बनवा असाही पर्याय आहे, तो चुकून दाबला गेला तर रेझिस्टरसुद्धा सापडत नाही आणि माणूस समजतो की इन्स्टॉलच बिघडलंय. फूटप्रिंटसाठी पण हाच प्रश्न परत येतो, तेच उत्तर.

आता जरा लायब्ररीबद्दल बोलते कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच गोंधळतो, मी पण गोंधळले होते. ईगलमध्ये पार्ट उचलला की त्याचं चिन्ह आणि त्याचे पॅड एकत्रच यायचे. किकॅडमध्ये सिम्बॉल वेगळा आणि फूटप्रिंट वेगळा. रेझिस्टरचा सिम्बॉल एकच, तो पाव वॉटचा आडवा की उभा की एसएमडी (भोकाशिवाय बोर्डवर वरच बसणारा) हे तुम्ही सांगायचं. सुरुवातीला चीड येते, प्रत्येक पार्टला फूटप्रिंट लावत बसायचं म्हणजे काय. पण दुकानात जो पार्ट मिळेल तो बसवायचा अशी आपली परिस्थिती असते, आज उभा कपॅसिटर मिळाला उद्या दुसऱ्या मापाचा, तेव्हा सर्किटला हात न लावता फक्त फूटप्रिंट बदलता येतो हे कामाचं आहे. ट्रान्झिस्टरला मात्र डोळ्यात तेल घालून बघायचं. बीसी५४७ चे पाय कलेक्टर-बेस-एमिटर, २एन३९०४ चे एमिटर-बेस-कलेक्टर, दोन्ही त्याच टीओ-९२ आकाराच्या कव्हरमध्ये, दिसायला सारखेच. साधा एनपीएन ट्रान्झिस्टरचा सिम्बॉल उचलून कुठलाही टीओ-९२ लावला तर बोर्ड छापून येईल आणि ट्रान्झिस्टर उलटा बसेल. त्यामुळे नावानिशी पार्ट असेल तर तोच घ्यायचा, बीसी५४७ नावाने लायब्ररीत आहे.

ईएसपी३२ चं सुटं मॉड्यूल लायब्ररीत आहे पण माझ्याकडे होता तो ३० पिनचा डेव्हलपमेंट बोर्ड, बाजारात सगळीकडे मिळतो तो, आणि त्याचा सिम्बॉल फूटप्रिंट दोन्ही मला स्वतः बनवावे लागले. नेटवर तयार मिळतात, मी दोन उतरवून पण बघितले, आणि दोन्हीत पिनांच्या दोन ओळींमधलं अंतर वेगवेगळं! ह्या बोर्डांच्या इतक्या कंपन्या आहेत की कुणाचं अंतर कमी कुणाचं जास्त, त्यामुळे तुमच्या हातातला बोर्ड व्हर्नियरने मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझं भरलं २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच. फूटप्रिंट काढून झाल्यावर एक-ला-एक स्केलवर कागदावर प्रिंट काढली, थर्माकोलच्या तुकड्यावर कागद ठेवला आणि बोर्डच्या पिना त्यात टोचून बघितल्या. सगळ्या तीस बरोबर भोकावर. मी तर म्हणेन प्रत्येक स्वतः बनवलेल्या फूटप्रिंटला हे कराच, दोन रुपयांचा कागद जातो.

सिम्बॉल बनवताना प्रत्येक पिनला तिचा प्रकार द्यावा लागतो, इनपुट, आउटपुट, दोन्ही, पॉवर इनपुट वगैरे. कंटाळा करून सगळ्या पॅसिव्ह ठेवल्या तरी वायरिंग होतं, पण मग किकॅडची जी सर्किटमधल्या जोडण्यांची तपासणी आहे ईआरसी ती आंधळी होते, तिला काही चूक दिसतच नाही. मी अर्धा तास बसून सगळ्या नीट भरल्या. ३४ ते ३९ ह्या पिना ईएसपी३२ वर फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतून पुल-अप (पिनला वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर) नसतो, ते मी पिनच्या नावातच लिहून ठेवलं म्हणजे नंतर गडबडीत रिले चालवायचा सिग्नल तिकडे जाणार नाही.

ही स्वतःची लायब्ररी ठेवायची कुठे हा पुढचा मुद्दा. मी आधी डी ड्राइव्हवर एक फोल्डर केला आणि तिथला पूर्ण पत्ता दिला. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान. भाच्याकडे गेल्यावर त्याच्या स्क्रीनवर वॉर्निंगच वॉर्निंग, बोर्ड उघडला कारण व्हर्जन ६ पासून सिम्बॉल आणि फूटप्रिंटची प्रत फाइलीतच राहते, पण लायब्ररी सापडत नाही म्हणून तक्रार आणि ईएसपी३२ चं थ्रीडी गायब. मग लायब्ररी प्रोजेक्टच्या फोल्डरच्या आतच हलवली आणि ग्लोबल यादीत न टाकता प्रोजेक्टच्या यादीत टाकली, पत्त्याच्या सुरुवातीला के-आय-पी-आर-जे-एम-ओ-डी हा व्हेरिएबल. त्याचा अर्थ "हा प्रोजेक्ट जिथे असेल तिथे". आता फोल्डर झिप करून कुणालाही द्या, सगळं सोबत जातं. व्हर्जन ९ मध्ये थ्रीडी मॉडेल आणि डेटाशीट फाइलीच्या आतच घालून ठेवायची सोय पण आलीय, ती मी ईएसपी३२ साठी वापरली. हे आधी केलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती, म्हणून इतकं लांबण लावून सांगतेय.

ग्रिड. स्किमॅटिकमध्ये ग्रिड ५० मिल असते, १.२७ मिलिमीटर, आणि तिला हात लावायचा नाही, बस्स. लेबल सुबक बसावं म्हणून मी ती बारीक केली आणि त्याच ग्रिडवर एक ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा पार्ट) सरकवला, नंतर ग्रिड परत मोठी केली तर त्या ऑप्टोच्या पिना वायरला टेकल्यासारख्या दिसायच्या पण जोडलेल्या नव्हत्या. खूप झूम केल्यावर केसाएवढी फट दिसली. ईआरसीने दाखवलं म्हणून कळलं. अक्षरं हलवायला बारीक ग्रिड चालते, पार्ट आणि वायर मात्र ५० वरच.

ईआरसीचीच अजून एक गोष्ट जिथे सगळे अडकतात. माझा ५ व्होल्टचा सप्लाय बाहेरून ॲडॉप्टरने येतो, स्क्रू टर्मिनलवर. ईआरसी चालवली की एरर, पॉवर इनपुट पिनला कुणी चालवत नाहीये. वायर तर समोर दिसतेय जोडलेली! कारण असं की टर्मिनलच्या पिना पॅसिव्ह असतात, इथून वीज येणार आहे हे सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नाही. मग पॉवर लायब्ररीतला पॉवर फ्लॅग नावाचा सिम्बॉल ५ व्होल्टच्या वायरवर एक आणि ग्राउंडवर एक लावायचा, एरर गेला. तो बोर्डवर काही छापत नाही, फक्त सांगतो की सप्लाय इथून आहे. एरर दिसतोय म्हणून ईआरसीच बंद करून पुढे जाणारे पण आहेत, कृपा करून तसं करू नका.

आता मुख्य गोष्ट, बोर्ड सेटअप.

बोर्डच्या एडिटरमध्ये बोर्ड सेटअप नावाची मोठी खिडकी आहे, तिच्यात बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्यादा भरायच्या, कमीत कमी ट्रॅक किती, दोन ट्रॅकमध्ये अंतर किती, भोक किती. ज्याच्याकडून छापून घेणार त्याला आधीच विचारून घ्या आणि ते आकडे तिथे टाका, मग चुकून त्यापेक्षा बारीक काही काढलं की डीआरसी, म्हणजे बोर्डची नियम-तपासणी, लगेच अडवते. त्यानंतर नेटक्लास, म्हणजे सारखे नियम लागणाऱ्या जोडण्यांचे गट. मी तीन केले: साधे सिग्नल ०.४ मिलिमीटर, ५ व्होल्ट आणि ग्राउंड १ मिलिमीटर, आणि तिसरा मेन्स, म्हणजे २३० व्होल्ट जिथे खेळतं तो. किती करंटला किती रुंद हे किकॅडच्याच कॅल्क्युलेटरमध्ये बघता येतं, ३५ मायक्रॉन तांबं, बाहेरचा लेयर, १० अंश तापमानवाढ धरली तर १ ॲम्पिअरला ०.३ मिलिमीटर आणि २ ॲम्पिअरला पाऊण मिलिमीटरच्या थोडं वर निघतं. माझा करंट त्याहून कितीतरी कमी आहे, पण जागा होती तर रुंद ठेवले.

मेन्सला नुसतं नेटक्लासमध्ये अंतर वाढवून चालत नाही. मला हवं होतं की २३० व्होल्टच्या कुठल्याही तांब्यापासून ५ व्होल्टचं कुठलंही तांबं किमान ६ मिलिमीटर लांब असावं, कारण ह्याच ५ व्होल्टच्या बाजूने वायर गच्चीवर ओल्या टाकीपर्यंत जाते आणि तिला कुणीही हात लावू शकतं. पण मेन्सच्या दोन वायरींत आपसात एवढं लागत नाही. त्यासाठी कस्टम रूल नावाची जागा आहे तिथे मजकूर टाइप करून नियम लिहायचा, एक बाजू मेन्स आणि दुसरी बाजू मेन्स नसेल तर अंतर ६. ह्याला खटके-बटणं नाहीत, कंस मोजून हातानेच लिहावं लागतं, आणि सगळ्या सेटअपमधला हाच भाग मला सगळ्यात कठीण गेला. खाली तपासणीचं बटण आहे ते चूक दाखवतं, तीन-चार प्रयत्नांत जमलं.

मग एफ८ दाबून सगळे पार्ट बोर्डवर आणले. ट्रॅक एकही काढला नव्हता, सगळे पार्ट ढिगात पडलेले. सहज म्हणून डीआरसी चालवली, आणि रिलेवरच लाल खुणा. मला वाटलं नियमच चुकला. परत वाचला, बरोबर होता. फूटप्रिंट उघडून मोजलं तेव्हा लक्षात आलं. तो जो निळा चौकोनी रिले असतो, एसआरडी, पाच पायांचा, आपण सगळे वर्षानुवर्षं तोच वापरतो, त्याचा कॉमनचा (काँटॅक्टचा सामायिक) पाय कॉइलच्या दोन पायांच्या मधोमध येतो. कॉमनवर २३० व्होल्ट, दोन्ही बाजूंना कॉइलचे ५ व्होल्टचे पाय, आणि पॅडच्या कडेपासून कडेपर्यंत अंतर साधारण साडेतीन मिलिमीटर. ट्रॅक कितीही लांबून नेले तरी पाय तर तिथेच आहेत, हे अंतर मी वाढवूच शकत नाही.

हा रिले मी किती बोर्डांत बदललाय, किती वेळा सोल्डर केलाय, पण त्याच्या पायांकडे असं कधी बघितलं नव्हतं. झिरो पीसीबीवर दीड वर्ष तोच चालला. दमट हवा, धूळ, पाली, आणि दुसऱ्या टोकाला गच्चीवर फ्लोट स्विच साफ करणारा माणूस. त्या रविवारी दुपारी मी खरंच हादरले.

मग दुसऱ्या घडणीचा रिले शोधला, ज्यात कॉइलचे पाय एका टोकाला आणि काँटॅक्टचे दुसऱ्या टोकाला असतात, फाइंडर कंपनीच्या ४० मालिकेसारखे, कॉइल आणि काँटॅक्टमध्ये ८ मिलिमीटर. त्यांचे फूटप्रिंट किकॅडच्या लायब्ररीत तयार आहेत. किंमत निळ्यापेक्षा बरीच जास्त, आणि नेहमीच्या दुकानात नव्हता म्हणून ऑनलाइन मागवला. आणि एक बदल केला की दुसरा येतोच: निळ्या रिलेची ५ व्होल्टची कॉइल सुमारे ७० मिलिॲम्पिअर घेते, मी घेतलेल्याची त्याच्यापेक्षा जास्त घेते, बीसी५४७ ची मर्यादा १०० मिलिॲम्पिअर, म्हणून तिथे बीसी३३७ टाकला. पाय त्याच क्रमाने असल्यामुळे फूटप्रिंट तोच. डीआरसी परत चालवली, रिलेवरच्या लाल खुणा गेल्या.

हे सगळं एकही ट्रॅक न काढता झालं हे लक्षात घ्या. मी जर नेहमीसारखं आधी बोर्ड काढून, शेवटी नियम बघू असं केलं असतं तर एक तर सगळं राउटिंग मोडावं लागलं असतं, किंवा, आणि माझा स्वभाव मला माहिती आहे, एवढं झालंय तर जाऊदे म्हणून मी तसंच छापायला टाकलं असतं. नियम आधी भरले म्हणून सॉफ्टवेअरने वेळेत सांगितलं. पण हेही खरं की ६ मिलिमीटर हा आकडा किकॅडने स्वतःहून नाही सांगितला, तो मी टाकला. डिफॉल्ट सेटिंग ०.२ मिलिमीटरची आहे, तिच्यावर हाच निळा रिले डीआरसीतून आरामात पास होतो. मेन्सचं काम करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवायलाच हवं.

बाकी लहानसहान. माझा लॅपटॉप जुना आय-थ्री, ८ जीबी रॅम, त्यावर स्किमॅटिक आणि बोर्ड दोन्ही विनातक्रार चालतं, थ्रीडी व्ह्यू पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो मग ठीक. शॉर्टकट पहिल्याच दिवशी पाठ करा, ए ने पार्ट, डब्ल्यू ने वायर, पी ने पॉवर, बोर्डवर एक्स ने ट्रॅक, व्ही ने व्हिया (दोन थर जोडणारं भोक), अल्ट ३ ने थ्रीडी. सगळी यादी कंट्रोल एफ१ वर येते, मी तिची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. बॅकअपच्या झिप फाइली तो स्वतःच प्रोजेक्टच्या शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवत जातो, दुकानात लाइट गेल्यावर एकदा त्याचा उपयोग झाला. सगळ्या फाइली साध्या मजकुराच्या असल्यामुळे भाच्याने त्या गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पण टाकल्या, कुणी काय बदललं ते ओळीनुसार दिसतं.

न आवडलेलं पण सांगते. आतमध्ये ऑटोराउटर (आपोआप ट्रॅक काढणारा) नाही, फ्रीराउटिंग नावाचं बाहेरचं प्लगइन जोडावं लागतं, मला लागलं नाही पण विचारणारे खूप असतात म्हणून लिहिलं. फूटप्रिंटची नावं इतकी लांब की यादीत अर्धी कापलेली दिसतात, कुठला ५ मिलिमीटरचा टर्मिनल आणि कुठला ५.०८ चा हे प्रत्येक वेळी उघडून बघावं लागतं. आणि सेटिंग तीन ठिकाणी विखुरलेली आहेत, काही सगळ्या किकॅडसाठी, काही स्किमॅटिकची, काही बोर्डची, आठवडाभर तरी कुठलं कुठे ते सापडत नाही.

मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, किकॅडची मालिका आहे, पण फार जुन्या व्हर्जनवर केलेली, त्यामुळे मेनू जुळत नाहीत, सर्किटकडून बोर्डकडे कसं जायचं ही कल्पना समजून घ्यायला ठीक. तिथल्याच फॉसी प्रकल्पाचं ईसिम पण आहे, त्यात किकॅड आणि एनजीस्पाइस जोडलेलं आहे, ज्यांना सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचंय त्यांच्यासाठी. डिप्लोमाच्या मुलांना मी दोन्ही सुचवते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो कस्टम रूल हाताने लिहावे लागतात म्हणून, कारण ज्याला सुरक्षेसाठी त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे तो बहुतेक वेळा माझ्यासारखा दुरुस्तीवाला असतो, प्रोग्रामर नसतो.

बोर्ड छापून आले, पाच नग. ईएसपी३२ पहिल्या झटक्यात बसला, रिले बसला, दोन भागांच्या मधल्या पट्टीत कुठेही तांबं नाही. एक बोर्ड आमच्या बिल्डिंगला लागला, वॉचमन काका आता रात्री मोटरकडे जात नाहीत. आणि हे सगळं सेटिंग, नेटक्लास, तो ६ मिलिमीटरचा नियम, ईएसपी३२ ची लायब्ररी, मी टेम्प्लेट म्हणून ठेवून दिलंय. किकॅडच्या डॉक्युमेंट्समधल्या टेम्प्लेट फोल्डरमध्ये प्रोजेक्ट कॉपी करायचा, त्यात मेटा नावाचा फोल्डर आणि मेटामध्ये इन्फो नावाची एचटीएमएल फाइल ठेवायची, मग नवीन प्रोजेक्ट करताना तो यादीत दिसतो. भाच्याने त्याच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टला तोच उचलला, दहा मिनिटांत स्किमॅटिक काढायला बसला.